यंदा जंगलातला पाचोळा जाळावा की जाळू नये? ग्रामसभेपुढचा प्रश्न

मोहसावली
नमस्कार. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे. ताडोबा फार दूर नाही आणि वाघाचा वावर आम्हाला नित्याचा आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभा करते, आणि त्यातले आगीचे प्रकरण दर वर्षी वादात अडकते. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. त्याआधी आम्हाला काहीतरी ठरवावे लागेल.

गावातली म्हातारी माणसे सांगतात की पूर्वी थंडी सरता सरता, पाचोळ्यात रात्रीचे दव मुरलेले असतानाच, ठिकठिकाणी हलकी आग लावली जाई. ती गुडघ्याच्या वर चढत नसे, संध्याकाळी गारवा पडला की आपोआप विझे आणि जंगल खालून मोकळे राही. आता त्याच जागी घाणेरी (लॅन्टाना) आणि रानतुळस ही तणे माजली आहेत, आणि तिथे गुरेही शिरत नाहीत. ग्रामसभेच्या वन समितीतल्या तरुणांचे म्हणणे असे की जंगलात काडी लावलीच जाऊ नये, मग ती थंडीत असो की उन्हाळ्यात.

मी स्वतः बरीच वर्षे तरुणांच्या बाजूचा होतो. मग अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम या परिसंस्था-अभ्यासकांनी २००५ मध्ये घाणेरी आणि आग यांच्या चक्राविषयी मांडलेला विचार वाचनात आला, आणि कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांमधल्या सोलिगा आदिवासींचे अनुभवही वाचले. ते अनुभव आमच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याशी इतके जुळतात की मला पुन्हा विचार करावासा वाटला. आपापल्या गावचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

झाडीपट्टीकर
मी वनविभागात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षे भंडारा आणि गोंदिया भागात गेली. मोहसावली सर, तुमच्याविषयी आदर ठेवूनच सांगतो, की जंगल जाळण्याच्या बाजूने काही लिहिण्यापूर्वी एकदा विझलेल्या वणव्याच्या दुसऱ्या दिवशी जंगलाच्या त्या कक्षातून चालत जा. तित्तिराची अंडी राखेत पडलेली असतात. कासवाला पळता येत नाही. पोकळ झालेली जुनी झाडे आतून तीन-तीन दिवस धुमसत राहतात आणि मग एखाद्या रात्री कोसळतात. त्या ढोलींमध्ये घुबडे, पिंगळे, पोपट आणि उदमांजरे राहतात. मेळघाटात रानपिंगळ्यासारखा दुर्मीळ पक्षी अशाच ढोलींच्या आधाराने टिकून आहे.

दुसरी गोष्ट मोहाची. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या जंगलात, मोहाची मोठी झाडे भरपूर होती, पण माणसाच्या उंचीचा मोह शोधूनही सापडत नसे. पावसाळ्यात बी रुजते, रोप वीतभर होते आणि पुढच्या मार्चमध्ये झाडाखालच्या आगीत जळून जाते. आज जी झाडे फुले देत आहेत ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत. ती पडल्यावर नातवंडे काय वेचणार, याचे उत्तर मला कोणी देत नाही.

पळसगाठ
वनपाल साहेबांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात गावामागची टेकडी जळाली आणि पहिल्याच मोठ्या पावसात राख आणि माती मिळून तळ्यात आली. गुरांनी दोन दिवस त्या पाण्याला तोंड लावले नाही.

पाऊलवाट
मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मेळघाटात क्षेत्रकाम करते आणि आगीचा विषय माझ्या अभ्यासाच्या जवळचा आहे, त्यामुळे थोडे लांब लिहिते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या उन्हाळ्यात प्रचंड वणवे लागले आणि उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला. उद्यान संपले असे त्या वेळी बहुतेकांना वाटले. मोनिका टर्नर या परिसंस्था-अभ्यासक तिथे वर्षानुवर्षे मोजणी करत राहिल्या. सगळे जंगल एकसारखे जळालेले नव्हते. पूर्ण जळालेल्या पट्ट्यांच्या मधोमध अर्धवट जळालेले आणि अजिबात न जळालेले तुकडे राहिले होते. तिथल्या लॉजपोल पाइन या झाडाची राळेने बंद असलेली अनेक फळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात. त्यातून पडलेल्या बियांनी पुढच्या काही वर्षांत दाट रोपे उभी केली.

ही गोष्ट इथपर्यंत सांगून लोक थांबतात आणि 'आग चांगली असते' असा निष्कर्ष काढतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८८ नंतर उगवलेले कोवळे जंगल काही ठिकाणी २०१६ मध्ये पुन्हा जळाले. टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाहणी केली, तेव्हा रोपांची संख्या फारच घटलेली आढळली, कारण झाडांना पुरेसे बी धरण्याइतका वेळच मिळाला नव्हता. जे जंगल शंभर-दोनशे वर्षांनी येणारी आग सोसते, तेच अठ्ठावीस वर्षांनी आलेल्या आगीपुढे हतबल होते. म्हणून 'आग लागली का' या प्रश्नाइतकाच 'मागची आग कधी लागली होती' हा प्रश्नही विचारावा लागतो.

झाडीपट्टीकर
ताई, माहिती उत्तम दिली, परंतु ते थंड प्रदेशातले सूचिपर्णी जंगल आहे. तिथे आग शेंड्यावरून शेंड्यावर जाते. आपल्याकडे सागवान, ऐन, धावडा, तेंदू यांच्या पानझडी जंगलात ती जमिनीवरून पाचोळा आणि गवत खात पुढे सरकते. दोन्हींना एक माप लावू नये.

पाऊलवाट
काका, तुमची हरकत पूर्णपणे योग्य आहे. आपल्या जंगलातली मोठी झाडे आगीत क्वचितच मरतात. सागाची साल जाड असते आणि तेंदू मुळांपासून पुन्हा फुटतो. भारतातल्या ज्या विरळ जंगलांत खाली भरपूर गवत असते, त्यांना खरे तर सव्हाना म्हणावे आणि त्यांचे व्यवस्थापनही तसेच करावे, असे जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि इतर अभ्यासकांनी २०११ मध्ये मांडले. सव्हानातल्या गवताला ऊन लागते, आणि अधूनमधून येणारी आग व चरणारी जनावरे ते ऊन त्याला मिळवून देतात.

तरीही आगींमधल्या अंतराचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. कोदंडपाणी, कॉक्रेन आणि रमण सुकुमार या अभ्यासकांनी तमिळनाडूतल्या मुदुमलाईतील १९८९ ते २००२ या काळातल्या आगींचे नकाशे केले, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत तिथल्या आगींमधले अंतर खूपच आखूड झाल्याचे दिसले. जी जमीन दर दोन-तीन वर्षांनी जळते, तिथे मोठी झाडे उभी दिसतात, पण त्यांची जागा घेणारी पिढी वर येत नाही. काकांनी मोहाबद्दल जे सांगितले ते हेच आहे.

घोडाझरीकाठ
मी कधी फोरमवर लिहीत नाही, पण मोहाचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी आई आणि दोन काकू अजूनही मोह वेचतात. पहाटे चार-साडेचारला टोपल्या घेऊन निघतात, कारण फूल पहाटे गळते आणि ऊन चढले की गुरे व हरणे ते खाऊन टाकतात. झाडाखाली वीतभर पाचोळा असला तर फूल त्यात हरवते, आणि पाचोळ्यात हात घालावा तर विंचू-सापाची भीती असते. म्हणून खालचा पाचोळा जाळतात. यात जंगलाशी वैर कुठेच नाही.

आता त्यात वाघ आला आहे. बाई वाकून फुले वेचत असते, नजर जमिनीवर असते, आणि वाकलेले माणूस वाघाला जनावरासारखे दिसते असे जाणकार सांगतात. आमच्या ओळखीतल्या एका घरात असाच मृत्यू झाला आहे. त्यामुळे झाडाभोवतीचे झुडूप जाळून दूरवरचे दिसू लागले की बायकांना धीर येतो. 'आग लावू नका' असा फलक लावणाऱ्यांनी हा धीर दुसऱ्या कशाने देता येईल हेही सांगावे.

झाडीपट्टीकर
ताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. मी नोकरीत असताना मोह वेचणाऱ्या बायकांवर रागावलो आहे, आणि आज वाटते की त्याऐवजी त्यांच्याबरोबर एक सकाळ घालवायला हवी होती. उपाय आहेत. झाडाखालचा पाचोळा खराट्याने झाडून घेऱ्याबाहेर काढता येतो, किंवा फांद्यांखाली जाळी अथवा जुनी लुगडी बांधली तर फूल स्वच्छ मिळते आणि त्याला भावही बरा येतो. शिवाय चार-पाच जणींनी एकत्र जाणे आणि एकीने उभे राहून लक्ष ठेवणे हेही करता येते. झाडाखाली जाळायचेच असेल तर आधी पाचोळ्याचा ढीग करून, सभोवती दोन हात जमीन झाडून, आणि आग पूर्ण विझल्याशिवाय तिथून न हलता जाळावे. वणवे बहुधा याच शेवटच्या गोष्टीतून होतात: टोपली भरते, बाई घराकडे निघते आणि निखारा मागे राहतो.

धुरेकरी
सगळे वणवे मोहामुळे लागतात असे कोणी समजू नये. आम्ही शेतकरीही त्यात आहोत. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटून जाळतो आणि धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, गवत जाळतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या धुऱ्यावरची आग दुपारच्या वाऱ्याने उडून जंगलात गेली. मी आणि माझा मुलगा हिरव्या डहाळ्यांनी झोडपत राहिलो, पण नाल्यापर्यंत गेलेली आग नाल्यापाशीच थांबली. आमच्या हाताने ती थांबली नाही. त्या दिवसापासून मी धुरा सकाळी सहाच्या आत जाळतो, शेजाऱ्याला आधी सांगतो आणि पाण्याची टाकी बैलगाडीवर ठेवतो. पऱ्हाटी मात्र आता बारीक करून शेतातच कुजवतो. त्या तीन वर्षांत माझ्या जमिनीचा पोत बदलला आहे, हे मला नांगरताना जाणवते.

कुसळीमाळ
थोडे इतिहासाबद्दल लिहितो. आग पूर्ण बंद करण्याचे धोरण आपल्या भागात इंग्रजांनी आणले. १८६० च्या दशकात मध्य प्रांताच्या वनखात्याचे कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचा पहिला मोठा प्रयोग सुरू केला. त्यांना सागाचे लाकूड हवे होते. पुढे ब्रह्मदेशात मात्र ओलसर जंगलांत आग बंद केल्यावर सागाची रोपेच येईनाशी झाली, आणि शतक संपेपर्यंत वनाधिकाऱ्यांमध्येच यावर वाद सुरू झाला. म्हणजे आपल्या ग्रामसभेतला वाद सव्वाशे वर्षे जुना आहे.

वन्यप्राण्यांच्या बाजूने मध्य प्रदेशातल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे कडक जमिनीवर राहणाऱ्या जातीचा बारशिंगा (हरीण) १९७० च्या गणनेत केवळ ६६ उरला होता. बारशिंग्याची मादी पाडस उंच गवतात लपवते, आणि कुरणे दर वर्षी जाळली की ते गवतच राहत नाही. पुढे कुरणांतली गावे हलवली, जाळणे कमी केले, उंच गवताला जागा दिली, आणि कळप पुन्हा वाढू लागले. याच्या उलट, जळालेल्या कुरणातले कोवळे पाते चितळाला आवडते, हे ताडोबात जाणारा प्रत्येक जण पाहतो. एकच आग चितळाला जेवण देते आणि पाडसाचे घर मोडते. त्यामुळे कुरण तुकड्यातुकड्याने जाळावे आणि प्रत्येक तुकड्याला मध्ये काही वर्षे विश्रांती द्यावी, हे मला पटते.

पळसगाठ
मग आपल्याकडे हे कोणी मोजून का पाहत नाही? कोणत्या महिन्यात आणि किती वर्षांनी जाळले तर काय होते, हे एकदा समजले तर वाद मिटेल.

पाऊलवाट
दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून असा प्रयोग सुरू आहे. तिथे सुमारे सात हेक्टरांचे तुकडे ठरवून काही दर वर्षी, काही दोन किंवा तीन वर्षांनी, वेगवेगळ्या ऋतूंत जाळतात आणि काही अजिबात जाळत नाहीत. उत्तर मात्र एका ओळीत मिळालेले नाही, कारण पाऊस, माती आणि हत्ती यांनुसार परिणाम बदलतात. आपल्याकडे मुदुमलाईत १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा कायमचा अभ्यास-तुकडा आखला आणि त्यातले प्रत्येक झाड आजही मोजले जाते. विदर्भातल्या ग्रामसभांनी आपल्या जंगलात लहान प्रमाणात असे काही केले तर मला अत्यंत आनंद होईल.

सातपुडापायथा
तेंदूपत्त्याबद्दल कोणी लिहिले नाही. आगीनंतर तेंदूला नवी, मऊ पाने फुटतात म्हणून आग लावतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटली तरी साधारण दीड महिन्यात तशीच पाने फुटतात. त्यासाठी जंगल जाळण्याचे कारण नाही. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, ७० पानांचे पुडके मोजून घेतात, तिथे पान छाटणीचे आहे की आगीचे असे कोणी विचारत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगाव ग्रामसभेने तर तेंदूची तोडच थांबवली, कारण त्यात छाटणी आणि आग दोन्ही होतात, आणि आता तिथल्या झाडांना टेंभरे (तेंदूची फळे) लागतात. बांबूचे उत्पन्न हाती असल्याने त्यांना ते जमले, हेही खरे.

झाडीपट्टीकर
कायद्याचीही आठवण करून देतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क स्थगित करण्याचा अधिकारही शासनाला आहे. त्यामुळे म्हाताऱ्यांचे म्हणणे शास्त्राला धरून असले तरी ग्रामसभेने परस्पर काडी लावू नये. वनविभाग १५ फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठीचे पट्टे, जाळून घेतो. त्या कामात ग्रामसभेने लेखी ठराव करून सहभागी व्हावे, म्हणजे थंडीतली आग कशी वागते हे तरुणांनाही डोळ्यांनी पाहता येईल.

उपग्रहाच्या सूचनेवर फार विसंबू नये, हेही सांगतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे संदेश मोबाइलवर येतात आणि ते उपयोगी आहेत, पण व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या यंत्रणेचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि जुन्या मोडिसचा एक किलोमीटरचा. उपग्रह जाण्याच्या दोन वेळांच्या मध्ये लागून विझलेली आग त्यात दिसत नाही. माणूस जंगलात असावाच लागतो.

घोडाझरीकाठ
साहेब, एक विचारते. घाणेरी माजलेल्या भागात थंडीत आग लावली तर ती घाणेरी जाईल का? मूळ प्रश्न तोच होता, आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिले नाही.

पाऊलवाट
ताई, तुम्ही धागा बरोबर जागेवर आणलात. हिरेमठ आणि सुंदरम यांच्या मांडणीनुसार आगीने मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी शिरते, तिच्या वाळक्या काड्यांमुळे पुढची आग अधिक तापते, आणि ती आग घाणेरीला आणखी जागा करून देते. सोलिगा वृद्धांचे म्हणणे याच्याशी अर्धे जुळते आणि अर्धे विरोधी आहे. ते सांगतात की थंडीतली हलकी आग घाणेरीच्या कोवळ्या रोपांना मारत असे, आणि १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यावर आग थांबली तेव्हा ती माजली. आवळ्यावरचे बांडगुळही तेव्हापासून वाढले, असे ते सांगतात. पण आता माजलेल्या घाणेरीत आग लावणे धोक्याचे आहे, हे तेही मान्य करतात. आग घाणेरीला लहान असतानाच रोखू शकते. उंच वाढलेली घाणेरी आग शेंड्यापर्यंत चढवते आणि स्वतः बुंध्यापासून पुन्हा फुटते.

तिच्यासाठी दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत आहे. फळे धरण्यापूर्वी जमिनीखाली काही बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. त्यानंतर तिथे लगेच गवताचे बी टाकावे लागते, नाहीतर रिकामी जागा रानतुळस घेते.

मोहसावली
सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. ग्रामसभेपुढे ठेवण्याचा मसुदा असा झाला आहे. घाणेरीच्या भागात यंदा आग अजिबात लावायची नाही. पावसाळा सुरू झाला की रोजगार हमीतून मुळे तोडण्याचे काम मागायचे आणि मोकळ्या जागेत पवन्या व मारवेल ही गवते पेरायची. मोहाखाली झाडून घ्यायचे, आणि प्रत्येक वाडीला जाळी देण्यासाठी बांबूच्या रकमेतून तरतूद करायची. ज्या घरांच्या वाट्याला मोहाची झाडे आहेत, त्यांनी प्रत्येक झाडामागे दोन रोपांना कुंपण करून ती पाच वर्षे आगीपासून राखायची. धुरा जाळणाऱ्याने आदल्या दिवशी सांगायचे. जाळरेषेच्या कामात गावातले दहा जण वनविभागासोबत जातील, आणि कोणता कक्ष कोणत्या तारखेला जळाला याची वही शाळेत ठेवली जाईल. थंडीतल्या हलक्या आगीचा प्रयोग एका लहान, घाणेरी नसलेल्या तुकड्यावर करू द्यावा, असा अर्ज वनविभागाकडे करायचा आहे. परवानगी मिळाली नाही तर तो तुकडा न जाळता मोजायचा. म्हाताऱ्यांना हे पटले, कारण त्यांचे म्हणणे पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेतले.

झाडीपट्टीकर
वहीची कल्पना सर्वांत चांगली आहे. मी नोकरीच्या काळातल्या माझ्या दैनंदिनी जपून ठेवल्या आहेत. त्यात आगीच्या नोंदी कशा लिहिल्या, ते तुमच्या मुलांना दाखवायला येईन. दिवस कळवा.

घोडाझरीकाठ
ग्रामसभा सकाळी ठेवू नका. मोह गळायला लागला की पहाटेपासून दहापर्यंत एकही बाई गावात नसते.

मोहसावली
रात्री आठला ठेवली आहे. वनपाल काकांनी त्या दिवशी दुपारीच यावे, जेवण आमच्याकडे.